अकरा पिशव्यांचे बोळे

मॅडम,

ही वही तुम्ही दिलेलीच आहे. शेवटची पंधरा-वीस पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. दुपारी डबा खाऊन झाला की बाकीच्या बायका खाली पार्किंगच्या सावलीत बसतात, मी वरच थांबते. तुमच्या खोलीची किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे. ऑफिसातून निरोप आलाय, सोमवारपर्यंत खोली रिकामी करून फिनेलने पुसून द्या, तिथे दुसरी मशिनं बसणार आहेत. म्हणजे चार दिवस उरले.

चार दिवसांत दोन कामं आहेत. मांडणीवर तुमच्या हातच्या सहा पिशव्या आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरवायचं. आणि सायलीला सांगायचं, की तिच्या त्या अकरा पिशव्या तिच्या हाताने नासल्या नव्हत्या, माझ्या हाताने नासल्या. तुम्हाला हे माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. दीड वर्ष आपण दोघींनी त्यावर एक शब्द काढला नाही, आणि आता तुम्ही नाही.

परवा हॉलमध्ये तुमचा फोटो ठेवला होता. मोठे सर बोलले, तुमच्याबरोबर शिकलेल्या एक बाई बोलल्या. मी दाराशी उभी होते. मला कोणी बोल म्हटलं असतं तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नसता, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मग सायली उठली. म्हणाली, "मॅडमनी मला पुन्हा पुन्हा लॅबला बोलावलं. मीच गेले नाही. माझ्या हाताला ते जमत नाही, माझ्या हाताने नासतं, हे मला कळलं होतं. मॅडमना नाराज केलं, त्यांची माफी मागायची राहून गेली." आणि ती रडायला लागली. मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले.

म्हणून लिहायला बसले. तुम्हाला आधी सांगते, मग तिला.

तुमची माझी पहिली भेट आठवते का? मी नवीन लागले होते. चाकणहून ताथवड्याला येऊन आम्हाला महिना झाला होता. तिकडे आमचे हे पार्टच्या कंपनीत पॅकिंगला होते, पाठ धरली तशी ओझं उचलणं बंद झालं आणि इथल्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. मी आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, वर्षानुवर्षं चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायचो. इथे कांदा नव्हता, झाडू होता. ठेकेदाराने तिसरा मजला माझ्याकडे दिला. सगळ्या खोल्या पुसत पुसत तुमच्या खोलीत आले, तर मांडणीवर पिशव्याच पिशव्या, आत काड, आणि काडावर पांढरी बुरशी. म्हटलं, काय घाण ठेवलीय ही! फिनेलची बाटली उघडली, तेवढ्यात तुम्ही मागून ओरडलात, "अहो ताई, थांबा! ती माझी मुलं आहेत!"

मी घाबरून बाटलीच खाली ठेवली. तुम्ही हसलात आणि मला खुर्ची दिलीत. तोवर मला कोणी कॉलेजात खुर्ची दिली नव्हती. मी बसले नाही. तुम्हीही मग उभ्यानेच सांगितलंत, की हे भाताचं काड मावळातून येतं, ते उकळून त्यात अळंबीचं बियाणं मिसळायचं, मग बियाण्याचे धागे वाढत जातात आणि काड एकमेकाला शिवून टाकतात. साच्यात भरलं की साच्याचा आकार घेतं. मग भट्टीत वाळवायचं. थर्माकोलच्या जागी हे वापरायचं. मला थर्माकोल चांगला माहीत होता. चाकणला आमच्या आळीतलं गटार दर पावसाळ्यात त्यानेच तुंबायचं. मी तेवढंच म्हणाले, "आमच्या गटारात त्याच्या गाद्या तरंगतात." तुम्ही लगेच मुलांना हाक मारलीत, "ऐका रे, ह्या काय सांगताहेत!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बादली उचलून बाहेर गेले.

नंतर तुम्ही मला वही दिलीत. "अलकाताई, मी सकाळी येते, संध्याकाळी जाते. तुम्ही माझ्या आधी येता, माझ्यानंतर जाता. पिशव्यांकडे बघा आणि काय दिसलं ते लिहा." मी म्हणाले, "मी चौथी शिकलेय मॅडम, माझं र्‍हस्व-दीर्घ चुकतं." तुम्ही म्हणालात, "बुरशीला कुठे येतं र्‍हस्व-दीर्घ?" मग मी लिहायला लागले. आज दुसऱ्या फळीवर पांढरं वाढलं. आज वास ओल्या मातीचा. आज एका पिशवीत पिवळं पाणी. तुम्ही दर सोमवारी वही न्यायच्या आणि प्रत्येक पानावर खूण करून मंगळवारी परत द्यायच्या. आमच्या घरात माझ्या हातचं लिहिलेलं कोणी वाचत नाही. आमचे हे विचारायचे, "काय लिहितेस गं एवढं? कथा-कादंबरी का?" मी म्हणायचे, "हजेरी घेते."

आता त्या गुरुवारचं.

उन्हाळा तोंडावर आला होता. सायली तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. गाडीच्या पुढच्या दिव्याचं पॅकिंग करायचं, असं तिचं काम होतं आणि एका कंपनीतले लोक ते बघायला येणार होते. तिने अकरा पिशव्या भरल्या होत्या. पिशवीच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि वर दोरी. गुरुवारी संध्याकाळी सगळे सुट्टीला पांगले, मी शेवटची फेरी मारली, तर अकराच्या अकरा पिशव्यांना आतून घाम. थेंब थेंब. मॅडम, कांदा निवडणाऱ्या बाईला हे बघवत नाही. गोणीला आतून घाम आला की समजायचं, माल गेला. सून म्हणून सासरी आले तेव्हा आत्याबाईंनी पहिला धडा हाच दिला होता: "अगं, कांद्याला वारा लागतो. कोंडला की कुजला." मला वाटलं, पोरीने गडबडीत घट्ट बांधल्यात, चार दिवसांत सगळं सडेल, बिचारीचं नुकसान होईल. मी दोऱ्या सोडल्या. बोळे काढून फळीवर ओळीने ठेवले. रात्रभर वारा लागू दिला. शुक्रवारी सुट्टी असूनही फरशी धुवायला यायचं होतं, तेव्हा बघितलं तर घाम वाळलेला. फार समाधान वाटलं. बोळे परत घातले, दोऱ्या होत्या तशा बांधल्या. ज्या हातांनी फरशीचं फडकं पिळलं, त्याच हातांनी.

आणि हे सगळं वहीत लिहिलं. लपवण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. चांगलं काम केलं म्हणून लिहिलं.

सोमवारी अकराच्या अकरा पिशव्या हिरव्या. शेवाळासारख्या हिरव्या. मुलं नाकाला रुमाल लावून उभी. तुम्ही सायलीला विचारलंत, "हात धुतले होतेस? स्पिरिट लावलं होतंस?" ती म्हणाली, "धुतले होते मॅडम. म्हणजे... धुतलेच असतील." तुम्ही म्हणालात, "असतील म्हणजे काय? कंपनीची माणसं परवा येताहेत. जिवंत वस्तूपुढे 'असतील' चालत नाही." मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "वडापावची बुरशी आहे मॅडम ती," आणि दोघं-चौघं हसले. सायलीचं तोंड एवढंसं झालं. मी चार पावलांवर पोछा धरून उभी होते. तुमचं ते हात-स्पिरिटचं ऐकून तेव्हाच मला कळलं, की बोळा वारा अडवायला नसतो, हवेतली घाण अडवायला असतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. त्या पिशव्या मीच बाहेर नेऊन टाकल्या, अकरा फेऱ्या.

वही तुमच्याकडे गेली होती, आणि ह्या वेळी मंगळवारी परत आली नाही. तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. ठेकेदार एका चुकीवर माणूस बदलतो, तुम्हाला माहीत होतं. शुक्रवारी वही आली. पानापानावर तुमची खूण. गुरुवारच्या पानावरही खूण, आणि "बोळे काढून रात्रभर वारा दिला" ह्या शब्दांखाली पेन्सिलची एक बारीक रेघ. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अलकाताई, आजपासून किल्ली तुमच्याकडे. आणि या, स्पिरिट कसं लावायचं दाखवते. बोटांच्या बेचक्यांत आधी." तुम्ही माझे हात हातात घेऊन कापसाने पुसलेत. एकेक बोट.

त्या दिवसाची आठवण आली की अजून माझे डोळे भरतात. तुम्ही माझी नोकरी वाचवलीत, आणि मला शिकवलंत. पण मॅडम, रागावू नका, आज एक बोलते. माझे हात पुसत होता तेव्हा खाली जिन्यात सायली एकटी बसली होती. तिलाही एकदा बोलवायला हवं होतं. "तुझी चूक नव्हती," एवढंच, माझं नाव न घेता. मला बोलायचं जड जातं, मी तशीच आहे. तुम्हाला तर बोलता येत होतं.

तुम्हालाही ते डाचत असणार. पुढच्या सहामाहीत तुम्ही तिला तीनदा निरोप धाडलात, मीच घेऊन गेले होते. ती म्हणायची, "नको मावशी, मी कॉम्प्युटरवरच बरी आहे. तिथे काही मरत नाही." एकदा तुम्ही मला हाक मारून म्हणालात, "अलकाताई, सायलीबद्दल आपण..." आणि तुमचा फोन वाजला. फोन संपेपर्यंत मी निघून गेले होते. मुद्दाम गेले.

दिवा टाकायचा दिवस आठवतो? दुसऱ्या मुलांनी पॅकिंग नीट वाढवलं होतं. आत गाडीचा दिवा ठेवला, खोकं बंद केलं, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली टाकायचं ठरलं. सगळं कॉलेज खाली गोळा. तुम्ही म्हणालात, "अलकाताई टाकतील." मी म्हटलं, "नको मॅडम, माझ्या हातून फुटला तर?" तर तो नाशिकचा ओंकार म्हणाला, "मावशी, बिनधास्त टाका, फुटला तर मॅडमच्या गाडीचा काढून देऊ." मी डोळे मिटून सोडलं. खालून धप्प आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग एकदम टाळ्या. दिवा अख्खा. तुम्ही मला मिठी मारलीत, पोछ्याचा वास येणाऱ्या साडीसकट. मी खाली बघितलं, तर टाळ्या वाजवणाऱ्यांत सायलीही होती. सगळ्यांत मागे. तेव्हा माझा आनंद अर्धा झाला, तुमचाही झाला असेल. तुम्हीही तिच्याकडेच बघत होता.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. मला ते भट्टीचं कधी पटलं नाही. एवढं जपून वाढवायचं, गरम होतंय का गार होतंय बघायचं, आणि मग भट्टीत घालून मारायचं. मी म्हणाले होते, "मारायचंच होतं तर 'माझी मुलं' कशाला म्हणता?" तुम्ही म्हणालात, "जिवंत ठेवलं तर ते खोकंच खात सुटेल. तुम्ही भाकरी भाजता तेव्हा पिठाला विचारता का?" मी म्हटलं, "पीठ जिवंत नसतं." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सापडलं की सांगते." वर्ष झालं त्याला. मध्येमध्ये मी विचारायचे, "सापडलं का?" तुम्ही म्हणायच्या, "शोधतेय हो!"

मग तुम्ही ह्या सहा पिशव्या भरल्यात आणि म्हणालात, पोटाचं छोटं ऑपरेशन आहे, दोन आठवड्यांत येते, उशीर झाला तर साच्यात भरून भट्टीत घाला. छोटं नव्हतं, हे तुम्हाला माहीत असणार. दवाखान्यातून फोन केलात. आवाज अगदी बारीक. "पांढरं कुठवर आलं?" मी सांगितलं, अर्ध्यापर्यंत. "छान. आणि अलकाताई, ते सायलीचं... आल्यावर बोलू." मी "बरं" म्हणाले. "आता बोला," असं म्हणायला हवं होतं.

इथवर काल लिहिलं होतं, पुढचं आज संध्याकाळी लिहिते आहे. काल घरी गेल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मंग सांगून टाक की पोरीला. मेलेल्या मान्साचं काय भ्या?"

"मेलेल्याचं नाही आत्याबाई, जितीचं. आणि पान दाखवलं तर मॅडमची रेघ दिसेल. ती त्यांना किती मानते. तिला वाटेल, मॅडमना ठाऊक होतं आणि तरी गप बसल्या."

"व्हत्याच की गप."

"अहो, पण..."

"पण काय? तू तुझंच सांग न्हाईतर. पान फाडून टाक." जरा वेळाने परत त्याच बोलल्या, "मला इचारशील तर फाडू नगंस. अर्धा सडका कांदा झाकून इकला तर गिऱ्हाईक घरी जाऊन कापतंच."

आज सकाळी बसमध्ये मी वही मांडीवर धरून बसले होते. पान फाडलं नाही.

सायली खाली कॉम्प्युटरच्या खोलीत होती. "जरा वर येतेस?"

"मावशी, सबमिशन आहे हो उद्या."

"पाच मिनिटं."

ती आली, पण उंबऱ्यातच उभी राहिली. दीड वर्षात ती ह्या खोलीत आली नव्हती. मी वही उघडून तिच्या हातात दिली. मला बोलता आलं नसतं, म्हणून बरं होतं की लिहिलेलं होतं. तिने वाचलं. परत वाचलं.

"ह्या माझ्या पिशव्या?"

"हो. अकराच्या अकरा. मला वाटलं कोंडल्यात. माझी चूक होती, सायली. तुझी नव्हती."

ती खाली बसली, फरशीवरच. "मावशी, मी त्या दिवशी वडापाव खाल्ला होता. नंतर हात धुतले का नाही, ते मला आठवेना. दीड वर्ष मी तेच आठवतेय. नळ उघडल्याचं आठवतं, पुढचं आठवत नाही." मग एकदम माझ्यावर आवाज चढवला, "रोज मला 'जेवलीस का' विचारत होतात! रोज! हे नाही सांगता आलं?"

मी म्हटलं, "नाही आलं." दुसरं काय म्हणणार?

तिचं बोट रेघेवर गेलं. "ही खूण?"

मॅडम, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. मला 'माझीच' म्हणता आलं असतं. तुमचा फोटो अजून खाली आहे, हार ताजा आहे. मी म्हणाले, "मॅडमची. सोमवारी वही त्यांच्याकडे जायची."

मी तुमची बाजू सांगितली: की माझी नोकरी गेली असती, की तुम्ही तीनदा बोलावलंत, की फोनवर तिचं नाव काढलंत. ती एवढंच म्हणाली, "मग तीनदा निरोप धाडला, त्यात तेच का नाही सांगितलं?" ह्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर ते तुमच्याबरोबर गेलं. तुम्ही तिच्या मनातून उतरलात की नाही ते मला कळलं नाही. थोड्या उतरला असाल. पण आता ती जे मानेल ते खरं जाणून मानेल, असं मी मनाला समजावते. तुम्ही माझ्यावर रागावला असाल तर रागवा.

उठताना तिची नजर मांडणीवर गेली. "ह्या कोणाच्या?"

"त्यांच्या शेवटच्या. सोमवारी खोली रिकामी करायचीय. त्यांनी भट्टीत घाला सांगितलंय. पण..." आणि मी आपलं भांडण तिला सांगितलं, पिठाचं आणि भाकरीचं. तिला जरासं हसू आलं, रडून लाल झालेल्या तोंडावर.

मी म्हटलं, "मी विचार केलाय. कांद्याचं सगळं पीक कोणी विकत नाही. बियाण्यापुरते कांदे राखतात. पाच पिशव्या साच्यात भरू, त्या भट्टीत जातील. एक राखू. तिचंच बियाणं नव्या काडात घालता येईल का?"

"येईल," ती म्हणाली. "पण ठेवणार कुठे?"

"माझी झाडू-बादल्यांची खोली आहे जिन्याखाली. बादल्या बाहेर राहतील. भिंती स्पिरिटने पुसू."

"मावशी, ऑफिसवाले ओरडतील."

"ओरडू देत. मी सांगेन त्यांना." हे मी म्हणाले, मॅडम. मी.

तिने मला माफ केलं असं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. सबमिशनचं काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "नंतर." बेसिनपाशी गेली, हात धुतले. परत धुतले. स्पिरिटचा कापूस घेऊन माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही बघा. धुतलेत ना मी?"

"धुतलेस. मी बघितलं."

आजची नोंद:

सायलीने राखलेल्या पिशवीतलं बियाणं घेऊन चार नव्या पिशव्या भरल्या. बोळे घट्ट. संध्याकाळी चारही पिशव्यांना आतून घाम आला. मी हात लावला नाही.